दिवा लागलेला मुका पोर्ट

"मॅडम, आज लिंक तेवढी सांभाळा. आमच्याकडे एक पेशंट सिरियस आहे."

नदीपलीकडच्या दवाखान्यातले डॉक्टर फोनवर एवढंच बोलले आणि त्यांनी फोन ठेवला. मी भामरागडच्या बाजूला, नदीच्या अलीकडच्या एका ग्रामपंचायतीत होते. आले होते इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला. ती बदलून झाली, तोवर मागचा नाला चढला आणि आलापल्लीकडचा रस्ता बंद झाला. पुढे नदी, मागे नाला. पंचायतीतले ऑपरेटर भाऊ म्हणाले, "आता पाणी उतरेपर्यंत तुमी इथलेच. माया घरी आंघोळीले पाणी हाय, खायले भात हाय. काऊन चिंता करता?"

मला राहण्याची चिंता नव्हती. माझं काम म्हणजे अशा पाच-पन्नास गावांतल्या नेटवर्कची डागडुजी. चंद्रपूरच्या कोळसा खाणीतल्या मेकॅनिकची मी मुलगी. पाना-पक्कड घरात होतंच, पुढे पॉलिटेक्निकला गेले आणि या कामाला लागले. सॅक पाठीवर घेऊन धानोऱ्यापासून एटापल्लीपर्यंत फिरायचं. लोक विचारतात, बाईमाणसाला या जंगलात भीती वाटत नाही का? जंगलाची वाटत नाही. दिवा विझलेला दिसला की वाटते.

त्या पंचायतीच्या कोपऱ्यातल्या खोलीत, भिंतीला ठोकलेल्या लोखंडी कपाटात एक स्विच होता. स्विच म्हटलं की भाऊंना सुरुवातीला दिव्याचं बटण वाटायचं. हा म्हणजे एक चपटी पेटी. पुढच्या अंगाला पोर्ट, म्हणजे केबल खोचायची भोकं. गडचिरोलीहून जमिनीखालून फायबर येत होतं, ते या पेटीत शिरत होतं. पेटीतून एक केबल छपरावरच्या खांबाला गेली होती. खांबावर रेडिओ, म्हणजे गाणी ऐकायचा नव्हे. ताटाएवढा पांढरा अँटेना. तो नदीपलीकडे दवाखान्याच्या छपरावरच्या दुसऱ्या अँटेनाशी बोलायचा. दवाखान्याचा फोन, डॉक्टरांचा कॅमेरा, सगळं त्याच वाटेनं. मोबाइलचा टॉवर पावसात आधीच गेला होता.

दुपारी मी लॅपटॉप लावून लिंकवर नजर ठेवून बसले होते. मधल्या वेळात डॉक्टरांचा पुन्हा फोन आला तेव्हा कळलं, पेशंट एक तरुण बाई होती. रात्री घरात जमिनीवर झोपलेली असताना मण्यार चावली होती. मण्यार चावल्याचं बरेचदा कळतही नाही. सकाळी तिच्या पापण्या उघडेनात, मग थुंकी गिळता येईना. सासरच्यांनी तिला बाजेवर घालून दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी सापाच्या विषावरची लस सुरू केली होती, पण श्वास मंदावत चालला होता. गडचिरोलीच्या मोठ्या डॉक्टर बाई स्क्रीनवरून तिला पाहत होत्या, एकेक गोष्ट सांगत होत्या.

"मी एकटा आहे इथे," डॉक्टर म्हणाले. आवाज शांत ठेवायची त्यांची धडपड फोनमधूनही कळत होती. नुकतेच शिकून आले होते, तिकडे पश्चिम महाराष्ट्रातले. "श्वासनलिकेत नळी घालावी लागेल असं दिसतंय. मॅडम बघत असल्या की मला जमेल."

पंचायतीच्या ओट्यावर एक बाई बसली होती. तिच्या लुगड्याचा काठ चिखलानं जड झाला होता. ती त्या पेशंटची आई. तिचं गाव नदीच्या अलीकडे, मुलीचं सासर पलीकडे. निरोप कळताच ती घाटावर धावली, पण डोंगे बंद झाले होते. नावाड्यानं तिला सांगितलं की पंचायतीतल्या मशीनमधून पलीकडचा दवाखाना दिसतो. म्हणून ती इथे आली. तिला माडिया बोली येत होती, मराठी थोडीच. भाऊ मधे बसून सांगत होते.

तिनं मला विचारलं, "पोरगी दिसून राह्यली का?"

माझ्या लॅपटॉपवर पोरगी दिसत नव्हती. हिरव्या रेघा वरखाली होत होत्या, एवढंच. मी म्हटलं, "बाई, तुमची पोरगी मोठ्या डॉक्टरले दिसून राह्यली." भाऊंनी ते माडियात सांगितलं. तिनं मान हलवली आणि रेघांकडे पाहत राहिली.

मग वीज पडली.

शाळेच्या मागच्या मोहाच्या झाडावर पडली असं नंतर कळलं. त्या क्षणी फक्त खोली पांढरी झाली आणि छातीत काहीतरी आपटल्यासारखं वाटलं. कानात शिट्टी वाजत राहिली. भाऊंनी टेबल धरलं होतं. मी डोळे उघडले तेव्हा लॅपटॉपवरच्या रेघा सपाट झाल्या होत्या.

मी फोन उचलला. तोही त्याच पेटीवर चालायचा. मुका.

पलीकडे काय चाललं असेल ते डोळ्यांपुढे आलं. डॉक्टरांच्या हातात नळी असेल, स्क्रीन काळी झाली असेल. की अजून घातलीच नसेल? मला माहीत नव्हतं, आणि कळायची वाटही नव्हती.

"काय झालं?" भाऊंनी विचारलं.

"थांबा," मी म्हटलं. कपाटाचं दार उघडलं.

पेटी चालू होती. उजवीकडच्या टोकाला चार खाचा असतात, त्या फायबरसाठी. त्यांच्यात बोटाएवढा धातूचा मॉड्यूल बसतो आणि मॉड्यूलमध्ये फायबर. तिथला दिवा हिरवा होता. फायबर म्हणजे काच. काचेतून वीज येत नाही. म्हणजे गडचिरोलीपर्यंतची वाट शाबूत होती. पण डावीकडचे पहिले आठ पोर्ट काळे पडले होते. नुसता रेडिओचा नाही, सगळे आठ.

पॉलिटेक्निकला आम्हाला एक सर होते. पेटी उघडून हातात द्यायचे आणि म्हणायचे, बाहेरून भोकं सारखी दिसली तरी आत सारखी नसतात, आधी आत पाहा. आतमध्ये आठ-आठ पोर्टांचा एकेक तुकडा असतो. रेडिओची केबल तांब्याची, छपरावरून येणारी. जवळ पडलेल्या विजेचा झटका तिच्यातून उतरला आणि त्या तुकड्यावरचे आठही पोर्ट मेले.

"दुसऱ्या भोकात टाका ना मंग," भाऊ म्हणाले. "इथी तर लय रिकामी हाय."

मी तेच केलं. रेडिओची केबल काढली, मधल्या एका पोर्टात खोचली. दिवा लागला नाही.

लागणार नव्हताच, हे मला खोचतानाच आठवायला हवं होतं. मेलेले आठ पोर्ट वेगळ्या जातीचे होते. ते माहितीबरोबर वीजही देणारे. छपरावरच्या रेडिओला वेगळी वीज नव्हती. तो त्याच केबलमधून माहितीही घ्यायचा आणि करंटही. बाकीचे पोर्ट माहिती देतात, वीज देत नाहीत. म्हणजे रेडिओ बिघडला नसेलही. तो उपाशी होता.

नवीन पेटी होती, पण आलापल्लीच्या गोदामात, नाल्यापलीकडे.

ओट्यावरची बाई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं भाऊंना काहीतरी विचारलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणतात त्या?"

"म्हणते, डॉक्टरले आता पोरगी दिसत नाई का?"

मी म्हटलं, "सांगा, मी करून राह्यलो म्हणून." मी करून राह्यली म्हणायचं होतं, पण घाईत भाऊंच्याच तोंडचं निघालं.

मी खोलीभर नजर फिरवली. वीज देणारी दुसरी वस्तू हवी होती. दाराच्या वर पंचायतीचा कॅमेरा होता. त्याची केबल कपाटामागे जात होती. मी कपाट थोडं पुढे ओढलं, तर मागे प्लगाजवळ एक काळी डबी लटकत होती. इंजेक्टर म्हणतात तिला. साध्या पोर्टातून येणाऱ्या केबलमध्ये ती वीज मिसळून पुढे देते. कॅमेरा तिच्यावर चालायचा.

मी ती डबी सोडवली आणि खिडकीशी नेली. स्टिकरवर धूळ बसली होती. ओढणीनं पुसली. अठ्ठेचाळीस व्होल्ट.

आता इथे माझा हात अडला. काही रेडिओ अठ्ठेचाळीसवर चालतात, काही निम्म्यावर. निम्म्यावर चालणाऱ्याला अठ्ठेचाळीस दिले तर तो जळतो. खांबावरच्या रेडिओचं लेबल वाचायला वर चढावं लागलं असतं, आणि आभाळ अजून गुरगुरत होतं. ओल्या लोखंडी खांबावर त्या वेळी चढणं म्हणजे दुसरी पेशंट तयार करणं.

मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि स्वतःशी बोलल्यासारखं बोलू लागले. भाऊ ऐकत होते.

"भाऊ, हा रेडिओ एवढे दिवस या पेटीच्याच पोर्टावर चालत होता, हो ना? मधे कुठं डबी नव्हती?"

"नाई. सरळ केबल होती. मायासमोर लावली."

"ही पेटी कोणालाही आंधळेपणानं वीज देत नाही. आधी विचारते, तुला चालेल का? समोरच्यानं हो म्हटलं तरच देते. आणि देते ती अठ्ठेचाळीसच्या आसपासच. म्हणजे या रेडिओला ती चालते."

"मंग लावा."

"ही डबी विचारत नाही. सरळ देते. माझं कुठं चुकत असेल तर रेडिओ गेला. मग पाणी उतरेपर्यंत काहीच नाही."

दारातल्या बाईकडे भाऊंनी एकदा पाहिलं. मग म्हणाले, "आत्ता बी काहीच नाई ना, मॅडम."

ते खरं होतं. पण नुसतं न चालणं आणि माझ्या हातानं कायमचं बंद होणं, या दोन गोष्टी मला सारख्या वाटत नव्हत्या. मी तो सगळा विचार पुन्हा पहिल्यापासून केला. चूक सापडली नाही.

डबीला दोन पोर्ट होते, शेजारी शेजारी, दिसायला जुळे. एकातून फक्त माहिती आत येते, दुसऱ्यातून माहिती आणि वीज बाहेर जाते. उलटसुलट लावलं तर वीज पेटीच्या तोंडात जाईल आणि उरलेल्या पोर्टांपैकीही एक-दोन जातील. अक्षरं पुसट झाली होती. मी मोबाइलचा टॉर्च लावून ती दोनदा वाचली, मग भाऊंना वाचायला लावली. त्यांनी बोट ठेवून वाचलं. दोघांचं वाचन जुळल्यावर केबली खोचल्या आणि प्लग लावला.

पेटीवरचा दिवा लागला. हिरवा.

भाऊंनी सुस्कारा सोडला. बाईनं दिवा पाहिला, आमची तोंडं पाहिली आणि ती दारातून आत आली. मी फोन उचलला.

मुका.

पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. काही नाही. तोही मेलेल्या आठांतल्याच एका पोर्टावर होता, हे मग आठवलं. लॅपटॉपवरून पलीकडच्या रेडिओला हाक मारली. उत्तर नाही. रेडिओ जिवंत होता, केबल ठीक होती, दिवा जळत होता, आणि पलीकडे एक शब्द जात नव्हता. मला तेव्हा पहिल्यांदा रडू येईल असं वाटलं. बाई माझ्या अगदी जवळ उभी होती. तिच्या अंगाला धुराचा आणि ओल्या मातीचा वास येत होता.

भाऊ हळूच म्हणाले, "दिवा तर लागला. मंग काऊन होऊन नाई राह्यलं?"

त्या प्रश्नानंच मी भानावर आले. दिवा काय सांगतो? एवढंच की केबलच्या दोन्ही टोकांना कोणीतरी आहे. त्या वाटेनं कोणाला जाऊ द्यायचं, ते दिवा सांगत नाही.

एकाच पेटीत दोन नेटवर्क राहत होती. एक पंचायतीचं: दाखले, रेशन, कॅमेरा. दुसरं दवाखान्याचं, गडचिरोलीला जाणारं. मुद्दाम वेगळी ठेवलेली, म्हणजे पंचायतीच्या कॉम्प्युटरवरून कोणी दवाखान्यात डोकावू नये. साधा पोर्ट एकाच नेटवर्कचा असतो. त्याला ॲक्सेस पोर्ट म्हणतात. मी जो मधला पोर्ट निवडला तो पंचायतीचा होता. रेडिओचा जुना पोर्ट ट्रंक होता, म्हणजे सगळ्या नेटवर्कांची माहिती आपापली चिठ्ठी लावून एकाच केबलमधून नेणारा. दिसायला दोन्ही सारखे. फरक पेटीच्या आतल्या सूचनांमध्ये.

त्या सूचना बदलायच्या तर पेटीच्या आत शिरायला हवं. फायबरवरून गडचिरोलीचं ऑफिस शिरू शकलं असतं, पण त्यांना सांगायचं कसं? लॅपटॉपवरून मेल टाकली तर ती कोण कधी उघडेल याचा भरवसा नव्हता. फोन त्याच मेलेल्या आठांतल्या एका पोर्टावर होता. सुदैवानं एक पोर्ट त्यासाठीच असतो, सगळ्यांपासून वेगळा, कोपऱ्यात. कन्सोल. त्यातून नेटवर्क जात नाही; तो फक्त पेटीशी बोलायचा. त्याची निळी चपटी केबल मी सॅकच्या तळाशी ठेवते. बरेच महिने लागत नाही, म्हणून ती नेहमी सगळ्याखाली जाते. मी सॅक जमिनीवर उपडी केली. पाने, चिकटपट्टी, बिस्किटं, ओला टॉवेल. केबल सापडली.

लॅपटॉप जोडला. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली. पासवर्ड टाकला, चुकला. बाईनं काहीतरी म्हटलं.

"काय म्हणतात?"

"काही नाई," भाऊ म्हणाले. "तुमाले बसा म्हणते."

मी उभीच होते. लॅपटॉप कपाटाच्या फळीवर तिरका ठेवून मी टाइप करत होते. भाऊंनी खुर्ची सरकवली, मी बसले. पासवर्ड बरोबर पडला. पोर्टाला सांगितलं की तू आता ॲक्सेस नाहीस, ट्रंक आहेस. दवाखान्याच्या नेटवर्कला वाट दे. प्रत्येक ओळ एंटर मारण्याआधी वाचली, कारण शेजारच्या पोर्टाचा नंबर चुकून पडला असता तर पंचायतीचंच बंद केलं असतं आणि पुन्हा शोधाशोध.

शेवटची ओळ गेली. हिरवा दिवा विझला.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

दिवा परत लागला, पण नारिंगी. लुकलुकत राहिला. ही पेटीची सवय मला माहीत होती. पोर्टाचं रूप बदललं की ती लगेच वाट उघडत नाही, आधी ऐकत बसते, कुठे गोल फिरून आपल्याकडेच येणारी वाट तर नाही ना. ऑफिसात हे होतं तेव्हा आम्ही चहा ढवळतो. त्या दिवशी तो नारिंगी दिवा पाहताना पलीकडे कोण कसा श्वास घेत असेल याशिवाय डोक्यात काही नव्हतं. बाहेर पाऊस पत्र्यावर एकसारखा पडत होता.

हिरवा झाला.

फोनला विजेचा स्वतःचा प्लग होता. त्याची केबल मी त्याच मधल्या पोर्टांतल्या शेजारच्यात टाकली, त्यालाही दवाखान्याचं नेटवर्क दिलं. उचलायच्या आत फोन वाजला.

"मॅडम?" डॉक्टरांचा आवाज होता. दम लागलेला. "आली का लिंक? स्क्रीन लागली इथं. खरंच आली का?"

"आली. पेशंट?"

"आहे. आहे अजून. नळी घातली नाही मी. बॅगेनं श्वास देतोय, सिस्टर आणि मी आळीपाळीनं. बोलतो नंतर."

फोन बंद झाला. बॅग म्हणजे रबराचा फुगा, तोंडावर मास्क धरून हातानं दाबायचा. वीज पडल्यापासून ते दोघं तेच करत होते. मी लॅपटॉपकडे वळले. हिरव्या रेघा उसळल्या होत्या. व्हिडिओ चालू झाला की रेघा अशाच उसळतात. मी बाईला त्या दाखवल्या. "हे पाहा, दिसून राह्यली आता डॉक्टरले."

भाऊंनी भाषांतर केलं नाही. तिला कळलं होतं.

नळी घातली गेल्याचं संध्याकाळी समजलं. मोठ्या डॉक्टर बाई स्क्रीनवर एकेक इंच सांगत होत्या, आणि पहिल्याच प्रयत्नात जमलं, असं डॉक्टर म्हणाले. पण तिथे श्वासाचं मशीन नव्हतं. मग नर्स, शिपाई, नवरा, दीर, शेजारच्या गावातली माणसं, सगळे पाळीपाळीनं ती बॅग दाबत राहिले. मी त्या कपाटासमोरून हलले नाही. डबीचा प्लग सैल वाटत होता म्हणून त्याला चिकटपट्टी गुंडाळली आणि तरीही त्यावर नजर ठेवून बसले. भाऊंच्या घरून भात आणि अंबाडीची भाजी आली. बाई जेवली नाही. तिनं फक्त माझ्या ताटाजवळ पाण्याचा गडवा आणून ठेवला.

ढग उघडल्यावर हेलिकॉप्टर आलं आणि मुलीला गडचिरोलीला घेऊन गेलं. आम्ही ओट्यावरून ते नदीवरून जाताना पाहिलं. बाई हात कपाळावर धरून ते दिसेनासं होईपर्यंत उभी राहिली. मग आत येऊन तिनं आपलं गाठोडं उचललं आणि भाऊंना विचारलं, नाला कधी उतरेल?

नाला उतरला तेव्हा मी तिला माझ्या गाडीत घेतलं. रस्त्यात ठिकठिकाणी चिखल आणि आडवी झाडं. सूरजागडकडून येणारे लोखंडाच्या दगडाचे ट्रक रांगेत खोळंबले होते. तिला गाडी लागत होती, खिडकीबाहेर मान काढून ती बसली होती. आम्हाला एकमेकींची भाषा फार येत नव्हती. एकदा तिनं माझा हात हातात घेऊन बोटं उलटसुलट करून पाहिली आणि परत ठेवला. तिला काय पाहायचं होतं ते मी विचारलं नाही.

हॉस्पिटलमध्ये मुलगी जागी होती. गळ्यातली नळी काढली होती, आवाज मात्र फुटत नव्हता. पापण्या अर्ध्याच उघडत होत्या. आई खाटेशी गेली आणि तिच्या केसांतली गवताची काडी काढू लागली. मुलीनं मान थोडी वळवली, आईला पाहिलं, आणि मग माझ्याकडे बोट करून ओठांनी विचारलं, ही कोण?

आईनं माडियात बरंच काही सांगितलं. त्यातला एकच शब्द मला कळला. दिवा.